अळीच्या आतड्याचं अस्तर: ६३ सिक्वेन्समधून नेमकी जनुकं कशी ओळखायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हाला ताडून पाहता येईल. तुमच्याकडे हुमणीच्या (मातीत वाढणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या) अळ्यांचा ट्रान्सक्रिप्टोम, म्हणजे चालू जनुकांच्या आरएनएची यादी आहे, तोही आख्ख्या अळीचा आरएनए काढून केलेला. जीनोम नाही. फळमाशीची पेरिट्रोफिन, म्हणजे आतड्याच्या अस्तरातली, प्रथिनं घेऊन तुम्ही ब्लास्ट (साम्य असलेले सिक्वेन्स शोधणारा प्रोग्राम) चालवलंत आणि ६३ सिक्वेन्स हाती आले. यांतली आतड्याच्या अस्तराची जनुकं कोणती आणि ते खात्रीनं कसं सांगायचं, असं तुम्ही विचारलंय.

मला वाटतं, खरी अडचण ‘६३ जरा जास्त झाले’ एवढीच नाही. ज्या खुणेवरून तुम्ही शोध घेतलात ती खूण ‘हे प्रथिन कायटिनला चिकटतं’ एवढंच सांगते. कायटिन, म्हणजे कीटकांच्या कवचातला चिवट पदार्थ, अळीच्या अंगावरच्या कातडीत आहे, श्वासनलिकांत आहे आणि आतड्यातही आहे. प्रथिन कुठल्या कायटिनला चिकटतं हे सिक्वेन्स बघून पुरतं कळत नाही. ते कळतं जनुक कुठल्या ऊतीत आणि अळीच्या कुठल्या वयात चालू असतं त्यावरून. म्हणून संगणकावरचं काम आणखी ताणण्याआधी थोडं सूक्ष्मदर्शकाखाली बसावं लागेल. पण क्रमानं जाऊ.

आधी ‘अस्तर’ म्हणजे तुम्हाला काय अभिप्रेत आहे ते पक्कं करा. अळीचं आतडं तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक नळी दिसत असलं तरी ते तीन वेगळ्या तुकड्यांचं आहे. अग्रांत्र आणि पश्चांत्र हे बाहेरच्या त्वचेसारख्याच मूळ थरापासून बनतात, त्यामुळे त्यांना आतून क्युटिकलचं, म्हणजे कातडीवरच्या कठीण आवरणाचं, अस्तर असतं आणि कात टाकताना तेही निघून जातं. मध्यांत्राला क्युटिकल नसतं. तिथे अन्नाभोवती एक पातळ, पारदर्शक बाही असते, ती पेरिट्रॉफिक मॅट्रिक्स. कायटिनच्या तंतूंचं जाळं आणि त्यात गुंतलेली प्रथिनं अशी तिची घडण. कणीदार अन्न पेशींना घासू नये, जंतू थेट पेशींपर्यंत पोचू नयेत, आणि पाचक रस व अर्धवट पचलेलं अन्न यांची ये-जा मात्र चालू राहावी, ही तिची कामं. याशिवाय तिसरंही एक ‘अस्तर’ आहे, मध्यांत्राच्या पेशींचं स्वतःचं पटल. त्यावर कॅडहेरिन, अमिनोपेप्टिडेज अशी प्रथिनं असतात. टेनेब्रिओ मोलिटर या भुंगेऱ्यात बीटी या कीटकनाशक जिवाणूच्या क्राय३एए विषाला पकडणारं प्रथिन असंच एक कॅडहेरिन आहे. तुमचं काम बीटीशी संबंधित असेल तर शोधच वेगळा करावा लागेल, कारण या प्रथिनांत कायटिनला चिकटणारा भाग शोधून काही मिळायचं नाही. तुम्ही पेरिट्रोफिननं सुरुवात केलीत, म्हणून मी पुढचं सगळं पेरिट्रॉफिक मॅट्रिक्स धरून लिहिते.

आता त्या खुणेबद्दल. पेरिट्रोफिन-ए प्रकारचं कायटिन पकडणारं डोमेन म्हणजे अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा आणि त्यात ठरलेल्या अंतरावर बसलेली सहा सिस्टीनं (सिस्टीन हेही एक अमिनो आम्लच). पहिल्या दोन सिस्टीनांच्या मध्ये १३ ते २० अमिनो आम्लं, मग ५ ते ६, मग ९ ते १९, मग १० ते १४ आणि शेवटी ४ ते १४. या सहांच्या तीन जोड्या डायसल्फाइड बंधांनी बांधल्या जातात, म्हणून आतड्यातल्या प्रोटिएजच्या (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांच्या) माऱ्यातही हा तुकडा टिकतो. मधली काही अरोमॅटिक अमिनो आम्लं सोडली, तर बाकीचा मजकूर जवळजवळ मोकळा असतो. म्हणूनच ब्लास्ट इथे अडखळतं. ब्लास्ट अक्षरांचं साम्य बघतं, आणि इथे साम्य अंतरांचं आहे. त्यात सेरीन, थ्रिओनीन आणि प्रोलीन या अमिनो आम्लांनी भरलेले म्युसिनसारखे (शर्करांनी मढलेल्या प्रथिनांसारखे) पट्टे आले की ब्लास्टचा कमी-विविधतेचा गाळणीपर्याय तो भाग झाकून टाकतो.

तेव्हा ब्लास्ट बाजूला ठेवा. सगळ्या ट्रान्सक्रिप्टांचं सहाही वाचन-चौकटींत प्रथिनात भाषांतर करा आणि त्यावर एचएमएमर (डोमेनच्या मॉडेलवरून शोधणारा प्रोग्राम) चालवा. पीफॅम या प्रथिन-डोमेनांच्या संग्रहात या डोमेनचं मॉडेल पीएफ०१६०७ या क्रमांकानं आहे. पहिल्या फेरीत मिळालेल्या तुमच्याच अळीच्या डोमेनांवरून एक नवं मॉडेल बांधा आणि ते पुन्हा चालवा. दुसऱ्या फेरीत सहसा असे काही सिक्वेन्स हाती लागतात जे फळमाशीपासून फार दूर गेलेले असतात, आणि तुमच्या कामाची जनुकं बऱ्याचदा त्यांच्यातच असतात. मॉडेलनं दिलेला गुण सीमेवर असेल तर निर्णय त्याच्यावर सोडू नका. तो सिक्वेन्स कागदावर काढा, सिस्टीनांवर लाल पेननं गोल करा आणि अंतरं मोजा. मी आजही हे हातानं करते. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिस्टीनमधलं ५-६चं अंतर सगळ्यांत कमी हलतं, तेव्हा आधी तिथे बघा.

आकड्याचा अंदाज यावा म्हणून ट्रायबोलियम कॅस्टॅनियमचं, म्हणजे पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्याचं उदाहरण घ्या. भुंगेऱ्यांपैकी पूर्ण जीनोम पहिल्यांदा प्रसिद्ध झाला तो याचाच, २००८ साली. २०१०मध्ये त्या जीनोमची याच डोमेनसाठी कसून झडती घेतली गेली. त्यात कायटिन घडवण्या-मोडण्याच्या कामातली, आधीच माहीत असलेली १३ एन्झाइमं निघाली आणि त्याखेरीज २९ प्रथिनं. या २९ची वंशवृक्षावरून तीन कुटुंबं पडली. पेरिट्रोफिनच्या जवळची ११ प्रथिनं, त्यांना पीएमपी (पेरिट्रॉफिक मॅट्रिक्स प्रथिनं) म्हणतात. एकेकात एकपासून १४पर्यंत डोमेनं. दुसऱ्या कुटुंबात सात जनुकांपासून बनणारी आठ प्रथिनं, प्रत्येकात तीन डोमेनं, म्हणून नाव सीपीएपी३ (सीपीएपी म्हणजे पेरिट्रोफिनसारखी क्युटिकलची प्रथिनं). तिसऱ्यात दहा प्रथिनं, प्रत्येकात एकच डोमेन, नाव सीपीएपी१. पीएमपी फक्त मध्यांत्रात आणि फक्त खाणाऱ्या अवस्थांत चालू होती. बाकीची दोन कुटुंबं मध्यांत्राबाहेर, क्युटिकल बनवणाऱ्या ऊतींत. म्हणजे खूण असलेल्या ४२ प्रथिनांतली आतड्याच्या अस्तराची ११. तुमच्या ६३मध्येही प्रमाण साधारण असंच निघालं तर दचकू नका.

पण मुळात ते ६३ म्हणजे ६३ जनुकं नव्हेत. एकाच जनुकाचे तुकडे, पर्यायी स्प्लाइसिंगची (एकाच जनुकाचा आरएनए वेगवेगळा जोडला जाऊन झालेली) रूपं, आणि शेतातून आणलेल्या पुष्कळ अळ्या एकत्र केल्या असतील तर वेगवेगळ्या अळ्यांकडून आलेली एकाच जनुकाची थोडी वेगळी अक्षरं, हे सगळं त्यात मिसळलेलं आहे. शिवाय हुमणी मातीत राहते आणि मातीतलं खाते. तिच्या पोटातल्या आणि अंगावरच्या सूत्रकृमी व माइट यांचा आरएनएही तुमच्या नळीत गेला असणार, आणि हे डोमेन त्या प्राण्यांतही असतं. म्हणून प्रत्येक सिक्वेन्सचा सर्वांत जवळचा नातेवाईक कोण ते बघा. तो भुंगेऱ्यांत न निघता सूत्रकृमींत निघाला, तर तो सिक्वेन्स वेगळ्या फाइलीत टाका.

गाळणी लावताना मी सोप्यापासून सुरू करते. कायटिनेजचं किंवा कायटिन डीअसेटायलेजचं उत्प्रेरक डोमेन जोडलेलं असेल तर ते एन्झाइम, बाजूला काढा. मग सीपीएपी३ काढा. ही प्रथिनं ओळखायला सोपी, कारण कीटकांच्या एका गणापासून दुसऱ्यापर्यंत ती फारशी बदललेली नाहीत. तीन डोमेनं, त्यांच्यामधली ठरावीक अंतरं, आणि ट्रायबोलियमशी बहुधा एकास एक जोडी. पीएमपींचं उलट आहे. अन्न बदललं, जंतू बदलले, तशी ही जनुकं भराभर बदलत, दुणावत आणि गळत गेली आहेत. त्यामुळे ‘फळमाशीच्या अमुक जनुकाची हुमणीतली जोडी’ असा शोध इथे बहुतेक वेळा फसतो. वंशवृक्ष काढायचाच असेल तर आख्ख्या प्रथिनांचा काढू नका. दोन डोमेनांचं प्रथिन आणि नऊ डोमेनांचं प्रथिन शेजारी ठेवून केलेल्या अलाइनमेंटला (अक्षरांच्या जुळवणीला) अर्थ नसतो. एकेक डोमेन सुटं करा, त्यांचा वृक्ष काढा. एकाच प्रथिनातली डोमेनं एकमेकांच्या शेजारी बसली तर ती त्या प्रथिनातच दुणावत गेली असं समजतं, आणि ही माहिती पुढे प्राइमर (जनुक मोजताना लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) काढताना लागते.

ट्रान्सक्रिप्टोमवरून डोमेनांची संख्या मोजताना एक धोका आहे. दुणावलेली डोमेनं डीएनएच्या पातळीवरही एकमेकांसारखी असतात. छोट्या रीडवरून (यंत्रानं वाचलेल्या तुकड्यांवरून) जोडणी करणारं सॉफ्टवेअर सारखे तुकडे एकावर एक दुमडून टाकतं, किंवा जनुक मध्येच तोडतं. म्हणून तिथे दिसलेली संख्या ‘किमान इतकी’ अशीच वाचा. जीनोम असता तर उलटी चूक संभवते. पीएमपी जनुकं एकमेकांना लागून रांगेत बसलेली असू शकतात आणि जनुक ओळखणारा प्रोग्राम शेजारच्या दोघांना एकच समजतो. माझ्या एका कामात बारा डोमेनांचं मोठं प्रथिन म्हणून मी ज्याच्यामागे कित्येक आठवडे होते, ती शेजारची दोन जनुकं निघाली. मधोमध एक सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाच्या सुरुवातीचा, त्याला पेशीबाहेर पाठवणारा तुकडा) होता, तो मी पाहिलाच नव्हता. तेव्हापासून प्रत्येक लांब मॉडेलच्या पोटातही सिग्नल पेप्टाइड शोधते. आणि सुरुवातीला तो दिसला नाही म्हणून सिक्वेन्स लगेच फेकतही नाही. आतड्याच्या पोकळीत जाणाऱ्या प्रथिनाला सिग्नल पेप्टाइड हवाच, पण तुटक ट्रान्सक्रिप्टात पहिल्या टोकाचा भागच गायब असतो. तुमचं बजेट परवानगी देत असेल तर मध्यांत्राच्या आरएनएचं एक लाँग-रीड (लांब तुकडे वाचणारं) सिक्वेन्सिंग करून घ्या. या कुटुंबासाठी तो खर्च सार्थकी लागतो.

इथवर येऊन तुमच्या हातात बहुधा दोन-तीन डझन उमेदवार उरतील: एन्झाइमं वगळलेली, सीपीएपी३ वगळलेली, परके प्राणी वगळलेली. एका डोमेनच्या प्रथिनांचा गोंधळ मात्र तसाच असेल, कारण पीएमपीतही एका डोमेनची प्रथिनं आहेत आणि सीपीएपी१मध्ये तर सगळीच तशी. इथून पुढे संगणक मदत करत नाही.

आता विच्छेदन. अळी बर्फावर सुन्न करा. थंड सलाइनमध्ये डोक्यामागे आणि शेवटच्या खंडावर काप द्या, मग पोटाकडची त्वचा लांबीनं उघडा. हुमणीत पश्चांत्राचा एक भाग फुगून मोठी पिशवी झालेला असतो, मातकट दिसणारा. नवख्याला तेच मुख्य आतडं वाटतं आणि मध्यांत्र समजून तोच नमुना नळीत जातो. खूण धरा माल्पिघी नलिकांची. त्या बारीक धाग्यांसारख्या नळ्या जिथून फुटतात, तिथे मध्यांत्र संपतं आणि पश्चांत्र सुरू होतं. त्या सांध्याच्या अलीकडे काप घ्या, आणि सांधा स्वतः कुठल्याच नमुन्यात घालू नका. मग चिमट्यानं पांढरी मेदपिंडाची झालर सोडवा. मध्यांत्र लांबीनं उघडलं की आतली बाही अन्नासकट सरकून बाहेर येते. सलाइनमध्ये हलवून अन्न धुतलं की पाण्यात तरंगणारा ओल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखा तुकडा उरतो. त्यावर कॅल्कोफ्लोर व्हाइटचा थेंब टाकून अतिनील प्रकाशात बघा, कायटिन निळसर चमकेल. तुमच्या अळीला, तुम्ही निवडलेल्या वयात, ही बाही खरोखर आहे हे आधी डोळ्यांनी पाहून घ्या.

ऊतींचे किमान चार नमुने करा: अग्रांत्र, मध्यांत्र, पश्चांत्र, आणि आतडं काढल्यावर उरलेलं अंग. जमलं तर मध्यांत्राचे पुढचा, मधला आणि मागचा असे तीन भाग करा, कारण पीएमपी जनुकं मध्यांत्रभर सारख्या प्रमाणात चालत नाहीत. ‘आतडं विरुद्ध बाकी अंग’ अशी दोनच नळ्यांची तुलना करू नका. पश्चांत्राच्या क्युटिकलची जनुकं त्यात ‘आतड्यात जास्त’ म्हणून वर येतात.

मध्यांत्र कितीही स्वच्छ काढलं तरी त्याला बिलगलेल्या श्वासनलिका राहतातच, आणि त्यांना क्युटिकल असतं. म्हणून मध्यांत्राच्या नमुन्यात सीपीएपी जनुकं थोडी दिसणार. ‘थोडी’ म्हणजे किती, हे ठरवायला एक चांगला मापदंड आहे. कीटकांत कायटिन बनवणारी दोन वेगळी कायटिन सिंथेज असतात. पहिलं क्युटिकलसाठी, त्वचेत आणि श्वासनलिकांत. दुसरं मध्यांत्रात, पेरिट्रॉफिक मॅट्रिक्ससाठी. प्रत्येक नमुन्यात या दोघांचं क्यूपीसीआर (जनुक किती चालू आहे ते मोजणारी चाचणी) करा. मध्यांत्रात दुसरं भरपूर आणि पहिलं नगण्य असेल तर विच्छेदन चांगलं झालंय. मग उमेदवार जनुकं या दोघांच्या मागे कशी चालतात ते पाहा. जे जनुक नमुन्यागणिक दुसऱ्या सिंथेजबरोबर वर-खाली होतं ते पीएमपी असण्याची शक्यता मोठी. जे पहिल्याबरोबर जातं ते क्युटिकलचं. मध्यांत्रातला नुसता आकडा किती मोठा यापेक्षा मला ही जोडीदारी जास्त विश्वासाची वाटते.

वेळेचंही तेच. भरपूर खाणारी, अन्नानं आतडं भरलेली अळी घ्या. कात टाकायच्या आधी अळी खाणं थांबवते, आणि तेव्हा काढलेल्या आरएनएत पीएमपी जवळजवळ मिटलेली आणि क्युटिकलची जनुकं पेटलेली असतात. तुमचा आख्ख्या अळीचा ट्रान्सक्रिप्टोम कुठल्या वयाचा होता हे तुम्ही लिहिलं नाहीत. अळ्या मिश्र वयाच्या असतील तर त्यातल्या राशींवरून कुठलाच निष्कर्ष काढू नका. दुसरीकडे, याचाच फायदाही करून घेता येतो. खाणारी आणि कातीआधीची अशी मध्यांत्रांची जोडी घेतली की खाण्याबरोबर चालू-बंद होणारी जनुकं वेगळी पडतात.

क्यूपीसीआरचे प्राइमर डोमेनांत ठेवू नका. दुणावलेल्या डोमेनांत एकच प्राइमर पाच जागी बसतो. प्रथिनाच्या कोडनंतरच्या, तीन-प्राइम बाजूच्या अनुवाद न होणाऱ्या भागात ते ठेवा. तो भाग प्रत्येक जनुकात वेगळा असतो.

प्रथिनाची प्रत्यक्ष साक्ष हवी असेल तर धुतलेल्या बाह्या मास स्पेक्ट्रोमेट्रीला (प्रथिनांचे तुकडे वजनावरून ओळखणाऱ्या तपासणीला) द्या, पण दोन गोष्टी सांभाळा. सौम्य बफरनं सुटतात ती मुख्यतः वर चिकटलेली पाचक एन्झाइमं. घट्ट विणली गेलेली प्रथिनं सहा मोलर युरियासारख्या जोरदार विनैसर्गीकारकालाच (प्रथिनांची घडी उलगडणाऱ्या रसायनालाच) सुटतात, आणि काही तेवढ्यानंही सुटत नाहीत. म्हणून टप्प्याटप्प्यानं धुऊन प्रत्येक टप्पा वेगळा द्या. दुसरं म्हणजे ट्रिप्सिन (प्रथिन कापणारं एन्झाइम) घालण्याआधी डायसल्फाइड बंध तोडून सिस्टीनं झाकून घ्या. नाहीतर सहा सिस्टीनांचं ते डोमेन ट्रिप्सिनला दाद देत नाही, आणि शर्करांनी मढलेले म्युसिन पट्टे तर तसेही दिसत नाहीत. म्हणून एखाद्या उमेदवाराचा पेप्टाइड मिळाला तर तो मोठा पुरावा, पण मिळाला नाही म्हणून त्याला यादीतून काढायचं कारण नाही.

शेवटी कार्य. आरएनएआय करून, म्हणजे जुळणारा दुहेरी आरएनए देऊन, जनुक बंद पाडायचं आणि काय होतं ते पाहायचं. ट्रायबोलियममध्ये ११ पीएमपी एकेक करून बंद केली गेली तेव्हा पीएमपी३ आणि पीएमपी५-बी या दोनच जनुकांनी जिवावर बेतणारा परिणाम दाखवला: बाही गळकी झाली, मेदपिंड आटला, वाढ थांबली. बाकी जनुकं निरुपयोगी असा याचा अर्थ नाही. प्रयोगशाळेतल्या मऊ, जंतू कमी असलेल्या अन्नावर एकाची उणीव दुसरं भरून काढत असावं, असं मला वाटतं. म्हणून अळ्या मरतात का, एवढंच मोजू नका. अन्नात चमकणारा डेक्स्ट्रान (मोठ्या रेणूंची एक शर्करा) मिसळा आणि तो बाहीच्या आत राहतो की बाहेर झिरपतो ते बघा. जगणाऱ्या अळीतही गळती दिसू शकते. तुलनेला दुसऱ्या सिंथेजचं आरएनएआय ठेवा. कायटिनच नसेल तर बाही कशी दिसते, याचा नमुना समोर राहतो. कंट्रोलला हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा दुहेरी आरएनए पुरेसा आहे.

हे तुमच्या अळीत किती चालेल हे परिस्थितीवर आहे. भुंगेऱ्यांत आरएनएआय सहसा चांगलं चालतं, पण जातीजातीत फरक आहे, आणि टोचून दिलेलं चालतं म्हणून खाऊ घातलेलं चालेलच असं नाही. हुमणीची एक पिढी लांब, त्यामुळे एका वयाच्या अळ्या पुरेशा जमवणं हाच मोठा अडसर होईल. तसं असेल तर कार्याचे प्रयोग दोन-तीन जनुकांपुरते ठेवा आणि बाकीची ‘मध्यांत्रात, खाण्याच्या वयात चालू असलेली पीएमपी-सदृश’ एवढ्यावर प्रसिद्ध करा. तो दावा प्रामाणिक आहे आणि पुढच्या माणसाच्या उपयोगाचाही.

या आठवड्यात काय करायचं, असं विचाराल तर सिक्वेन्सिंगची ऑर्डर अजून देऊ नका. खात्या, भरल्या पोटाच्या दहा अळ्या घ्या, चार नमुने काढा आणि फक्त दोन कायटिन सिंथेजांचं क्यूपीसीआर करा. मध्यांत्राच्या नळीत पहिलं सिंथेज ठळक दिसलं तर त्या दहा अळ्या सरावाच्या समजा आणि पुन्हा दहा घ्या. मला स्वतःला तिसऱ्या फेरीत स्वच्छ मध्यांत्र मिळालं होतं.